कांदे माझे, कागद तिचा

अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी बावीस वर्षं काम केलं. कंपनी नेमकं काय करायची ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. विम्याचं काहीतरी होतं. वरच्या मजल्यांवर माणसं दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची आणि साडेअकरा वाजले की खाली यायची. आमचा संबंध तेवढाच.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून वैशाली मागे लागली. "मावशी, गमती लिहा," म्हणाली. गमती होत्या. चौथ्या मजल्यावरचा एक गृहस्थ रोज टोमॅटोचं सूप घ्यायचा, सात-आठ वर्षं. एक दिवस मक्याचं सूप मागितलं. माझ्या जोडीला काम करणाऱ्या डोरीनला मी म्हटलं, याचं काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या आठवड्यात कळलं, नोकरी सोडून गेला. एक बाई पुलावात काजू आहे का, दूध आहे का, गहू आहे का हे पाच मिनिटं विचारायच्या, मागे रांग तुंबायची, आणि शेवटी केकचा तुकडा घेऊन जायच्या. आपली मुलं एकटी आली की म्हणायची, "मावशी, जरा तिखट टाका ना." तीच मुलं गोऱ्या साहेबाबरोबर आली की ताटाकडे बघून "थँक यू, मॅम." मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मीसुद्धा तेव्हा त्यांना ओळख देत नसे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

माझी शाळा चौथीपर्यंत. सांगलीत मी चार घरच्या पोळ्या लाटायची. धाकटे दीर इकडे आधी आले, त्यांनी आम्हाला बोलावलं. आल्यावर तीन वर्षांत माझ्या नवऱ्याचा एक हात आणि एक पाय गेला, अर्धांगाने. मग मला बाहेर पडावं लागलं. कॅन्टीनचा अर्ज दिरांनी भरला. 'इंग्रजी लिहिता-वाचता येतं' या चौकोनात त्यांनीच खूण केली. मला आकडे, एबीसीडी आणि माझं नाव येत होतं.

डोरीन तिथे माझ्या आधी आठ वर्षं होती. काळी बाई, उंच, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, अमेरिकेच्या दक्षिणेकडून लहानपणी आईबरोबर इकडे आलेली. जाऊबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "त्या लोकांपासून जरा लांबच राहा." मी राहिले. महिनाभर मी माझी पर्स कपाटात न ठेवता एप्रनच्या आत कमरेला बांधून काम केलं. भट्टीपुढे घामाने पट्टा भिजायचा. डोरीनने ते पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. महिन्याने एकदा मी वाकून पातेलं उचलत होते तर म्हणाली, "तुझ्या बाळाला कितवा महिना?"

मला कळेना. तिने माझ्या पोटाकडे बोट केलं. मग मला कळलं आणि कान गरम झाले. ती हसली. मी पर्स काढून कपाटात ठेवली. पुढे कित्येक वर्षं ती मला विचारायची, "बाळ बरं आहे ना?"

ग्रेग म्हणून आमचा मॅनेजर होता. त्याला माझं नाव जड जायचं, म्हणून त्याने मला 'सू' करून टाकलं. डोरीनने आठवडाभर भांडी घासता घासता सु-लो-च-ना घोकलं आणि पाठ केलं. त्या इमारतीत माझं पुरं नाव घेणारी ती एकटीच.

आता कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अमेरिकेत हॉटेल असो की कॅन्टीन, अन्नापेक्षा कागद मोठा. गरम पदार्थ एकशे पस्तीस अंशांच्या वर हवा, थंड एक्केचाळीसच्या खाली; इथले अंश फॅरनहाइटचे. मधल्या पट्ट्यात अन्न राहिलं की त्यात जंतू वाढतात. म्हणून दर दोन तासांनी पदार्थात थर्मामीटरची सळई खुपसायची, आकडा बघायचा आणि भिंतीवर टांगलेल्या कागदावर लिहायचा. पदार्थ, वेळ, आकडा, आणि शेवटच्या चौकोनात लिहिणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं. ती अक्षरं म्हणजे सही. जबाबदारी त्याची.

सुरुवातीला मी तो कागद माझ्या परीने भरायची. ग्रेगच्या आधी एक मॅनेजर होता. त्याने एकदा माझा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मी पदार्थांची नावं जशी ऐकू येत तशी लिहिली होती. सगळे हसले. डोरीन हसली नाही. तिने त्याच्या हातातून कागद घेतला, आणि त्या दिवशी दुपारी मला म्हणाली, "कांदे कापताना माझे डोळे जातात. कांदे तू घे, कागद मी घेते."

असं ठरलं. रोजचे दोन पोती कांदे मी कापायची, तिच्या वाटचेसुद्धा. माझ्या पदार्थांचा कागद ती लिहायची. मी सळई बघून लांबूनच आकडा ओरडायची, ती लिहायची आणि खाली तिची दोन अक्षरं टाकायची. अकरा वर्षं हे चाललं. मला गाडी येत नव्हती, तर जाताना तीच मला घरी सोडायची. माझा नवरा वारला तेव्हा ती चार दिवस जेवण घेऊन आली. जाऊबाईंनी ते जेवण बाजूला ठेवलं. मी खाल्लं.

डोरीनचं तोंड मात्र फटकळ. ग्रेगचं काही चुकलं की ती सरळ सांगायची. मीही सांगायची. माझं मोडकं इंग्रजी ऐकून तो म्हणायचा, "सू किती गोड आहे." तिचं चांगलं इंग्रजी ऐकून तो वहीत लिहून ठेवायचा. हे मी वर्षानुवर्षं बघत होते आणि मला ते सोयीचं होतं.

मग सुपरवायझरची जागा निघाली. आधीचे तीन सुपरवायझर गोरे होते, डोरीनहून वीस-वीस वर्षांनी लहान, आणि तिघांनाही काम डोरीननेच शिकवलं होतं. या वेळी तिने अन्नसुरक्षेची मोठी परीक्षा सुट्टीच्या दिवसांत अभ्यास करून पास केली. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज एप्रन घालताना तिला ते दिसायचं.

त्याच सुमारास समीर नावाचा आपला एक मुलगा कंपनीत वर चढत होता. पुण्याचा, हुशार. त्याने 'इंडियन वेन्सडे' सुरू करवला, दर बुधवारी आपलं जेवण. ते मी करायची. रांग दारापर्यंत जायची. त्याच्या साहेबांना ते आवडलं, त्याचं नाव झालं. तो म्हणाला, "मावशी, सुपरवायझरसाठी तुम्ही अर्ज करा. फॉर्म मी भरतो. कॅन्टीन ठेकेदाराचं असलं तरी आमच्याकडून शब्द गेला की ऐकतात."

मला 'नको' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. सांगलीत मी दुसऱ्यांच्या ओट्याशी उभी राहिले, इथे दुसऱ्यांच्या भट्टीशी. एकदा तरी सुपरवायझरसारखं हातात कागद लावलेली पाटी घेऊन फिरावं असं मला वाटलं. ती पाटी आपल्याला लिहिता येत नाही, हा विचार मी पुढे ढकलला. डोरीन आहेच की, लिहील.

डोरीनला मी तिच्या गाडीतच सांगितलं.

"तू पण?" ती म्हणाली.

"समीरने फॉर्म भरला."

तिने पुढचा आरसा नीट केला. मग म्हणाली, "ठीक आहे. जिला मिळेल तिने दुसरीकडून कांदे कापून घ्यायचे."

"मग माझं काय बदलणार?" मी म्हटलं. दोघी हसलो. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला इतक्या.

दिवाळीच्या आठवड्यातला बुधवार आला. समीरने वरच्या मंडळींना आणि बाहेरच्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं होतं. लिंबू भात करायचा होता. फोडणीला भात आदल्या दिवशीचा मोकळा चांगला, म्हणून मंगळवारी सकाळी दोन मोठी खोल पातेली भरून भात शिजवला. नियम असा की शिजलेला भात उथळ ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा पसरायचा, खाली बर्फ ठेवायचा, दोन तासांत सत्तर अंशांवर आणायचा आणि पुढच्या चार तासांत एक्केचाळीसवर. मला नियम माहीत होता. पण ट्रे सगळे गोडाच्या पदार्थांत अडकले होते. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आईच बोलत होती की गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, फ्रिज बिघडतो, अन्नाला वास लागतो. आपल्या घराघरांत हेच करतात. भात झाकून ओट्यावर ठेवायचा, निवला की आत. मी दोन्ही पातेली झाकली, वर फडकं टाकलं आणि मागच्या टेबलावर ठेवून दिली.

दुपारी डोरीन ग्रिलवर होती, तिच्यापुढे रांग होती. तिथूनच ओरडली, "सुलोचना, भात किती?"

मी पातेल्याला बाहेरून हात लावला. कोमट लागलं.

"सत्तर," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

तिने लिहिलं. जायच्या आधी पुन्हा विचारलं. मी नुकतीच पातेली कूलरच्या थंड खोलीत सरकवली होती. "चाळीस," मी म्हटलं. तेही तिने लिहिलं. अकरा वर्षांत मी तिला खोटा आकडा दिला नव्हता, म्हणून तिने मान वर करून पाहिलं नाही.

एवढ्या खोल पातेल्यात वरचा भात निवतो, मधला तासन् तास गरम राहतो. त्यात जे तयार होतं ते परत कितीही गरम केलं तरी जात नाही. हे मला पुढे अन्नसुरक्षेच्या वर्गात शिकवलं.

बुधवारी तीन वाजेपर्यंत सात-आठ जणांना उलट्या सुरू झाल्या. त्यांत समीरचे दोन पाहुणे. गुरुवारपर्यंत सगळे बरे झाले, पण तपासनीस आला. त्याने कागद बघितला, पातेली बघितली आणि म्हणाला, या भांड्यात हे आकडे येऊच शकत नाहीत, हे कुणीतरी मनाने लिहिलेत. आकड्यांखाली डोरीनची अक्षरं होती.

ग्रेगने आम्हाला बोलावलं त्या दिवशी समीर सकाळीच काउंटरशी आला होता. "मावशी, तुम्ही काही बोलू नका. मी ग्रेगशी बोललोय. हे आपल्यावर आलं तर वेन्सडे बंद, माझंही नाव जाईल. आपल्या माणसांचं नाव खराब व्हायला नको."

"आणि डोरीन?"

"सही तिची आहे ना?" तो म्हणाला.

मी समीरवर टाकत नाही. तोंड माझं होतं.

ग्रेगच्या लहानशा ऑफिसात चार खुर्च्या. ग्रेग, वरून आलेली एक बाई, डोरीन आणि मी. ग्रेगने कागद पुढे केला. डोरीन म्हणाली, "अक्षर माझं. मी लिहिलं." एवढंच. 'तिने सांगितलं म्हणून लिहिलं' हे ती बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ती मला वेळ देत होती.

ग्रेग माझ्याकडे वळला. "सू, तुझ्याबद्दल शंका नाहीच. तुम्ही लोक किती काटेकोर असता ते आम्हाला माहीत आहे. पण डोरीनच्या वागण्याबद्दल आधीही नोंदी आहेत. तुला काही सांगायचंय?"

मी बोलले असते तर सगळंच बाहेर आलं असतं. आकडा खोटा, भात माझा, आणि अकरा वर्षं मी कागद लिहीत नाही कारण मला येत नाही. सुपरवायझरची जागा तर गेलीच असती, अर्जातल्या त्या खुणेपायी होती ती नोकरीही गेली असती. हे सगळं मी त्या खुर्चीत नीट विचार करून पाहिलं. घाबरून जीभ अडकली असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही.

"नाही," मी म्हटलं.

डोरीनचं नाव सुपरवायझरच्या यादीतून काढलं आणि तिला भांडी धुण्याच्या खोलीत टाकलं.

त्या दिवशी चार वाजता मी बाहेर आले तर बर्फ भुरभुरत होतं आणि तिची गाडी नेहमीच्या जागी उभी होती, वायपर काचा पुसत. मी बसले. "पट्टा लाव," ती म्हणाली. वीस मिनिटांचा रस्ता. तिने रेडिओ लावला नाही. माझ्या दारापाशी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. ती कधी बंद करत नसे.

"काही बोलायचंय?" तिने विचारलं.

ग्रेग नव्हता, ती बाई नव्हती. गाडीत आम्ही दोघीच.

"नाही," मी म्हटलं.

ती काचेतून समोर बघत राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून जायची दुसरी सोय बघ."

मी उतरले. महिन्याभरात तिने नोकरी सोडली. कपाट रिकामं केलं, पण सर्टिफिकेट काढताना चिकटपट्टीचे चार तुकडे दाराला राहिले. ते कपाट पुढे मलाच मिळालं.

मी सुपरवायझर झाले. समीर वरच्या मजल्यावर गेला, नंतर सनीव्हेलला गेला, आणि दिवाळीला त्याचा मेसेज येतो. पाटी हातात आली तसं लिहायला शिकणं भाग होतं. लायब्ररीत संध्याकाळचा वर्ग असायचा. सोमाली बायका, मेक्सिकन माणसं आणि मी. तीन महिन्यांत मला कागद भरण्यापुरतं लिहिता यायला लागलं. ज्याच्या भीतीने मी त्या खुर्चीत गप्प बसले ते तीन महिन्यांचं काम होतं.

पुढे चार वर्षांनी डोरीन मला किराणा दुकानात दिसली. शाळेच्या स्वयंपाकघरात लागली होती. केस पांढरे झालेले. तिने माझ्या ढकलगाडीत पाहिलं, कांद्याची पिशवी होती.

"तुझा कागद आता कोण लिहितं?"

"मीच."

तिने मान हलवली. "छान," म्हणाली आणि दुधाच्या रांगेकडे गेली. मला तिच्या मागे जाता आलं असतं. तेव्हाही गेले नाही.

निवृत्त झाले त्या दिवशी केक कापला. ग्रेग आता मोठा साहेब झालाय, तो मुद्दाम आला. म्हणाला, सूच्या कागदात इतक्या वर्षांत एक चूक नाही. मला बोलायला सांगितलं. मी ठरवून आले होते. इंग्रजीत म्हटलं, "त्या दिवाळीचा भात माझा होता. आकडा मी खोटा सांगितला. डोरीनची काही चूक नव्हती."

जमलेल्यांत डोरीनला ओळखणारं कुणी राहिलं नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघत होती. ग्रेग हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा, अशी आहे आपली सू. कुणाचंही ओझं आपल्या डोक्यावर घेते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी केक खाल्ला. त्यात साखर जास्त होती.

माझी नात ॲन आर्बरला शिकते. तिला मी हे सांगितलं. "आजी, दॅट्स रेसिझम," ती म्हणाली. "ही पिटेड यू अगेन्स्ट हर." मी विचारलं, म्हणजे काय? तिने समजावलं, त्याने तुम्हा दोघींना एकमेकींविरुद्ध लावलं. बरोबर आहे तिचं. पण ग्रेगने मला फक्त विचारलं होतं, आणि गाडीत तर तो नव्हताच. हेही मी तिला सांगितलं.

हा लेख मी मराठीत लिहिला. डोरीनला मराठी येत नाही, म्हणजे हेसुद्धा एका परीने गप्प बसणंच झालं. नात म्हणाली, मी इंग्रजीत करून देते. मी नको म्हटलं. अकरा वर्षं दुसऱ्याच्या अक्षरात लिहून झालंय.

कॅन्टीनच्या कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा माझ्याकडे घरी राहिलाय. त्यातला एक घेतला आणि इंग्रजीत, माझ्या हाताने, एकच ओळ भरली. पदार्थाच्या रकान्यात: भात, दोन खोल पातेली, झाकून बाहेर ठेवला. वेळेच्या रकान्यात: मंगळवार, दुपार. आकड्याच्या रकान्यात: मोजला नाही. शेवटच्या चौकोनात माझ्या नावाची दोन अक्षरं टाकली. पाकिटात घालून तिच्या घरी पाठवला. पत्ता शोधावा लागला नाही. त्या घरी मी पन्नास वेळा जेवलेय.

त्याला दीड महिना झाला. उत्तर आलेलं नाही. यायला हवं असंही नाही.